पौषातलं आवतण

साहेबरावांनी एकतीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काढली. पहिली पाच बीड जिल्ह्यात पाटोद्याला, बाकीची सगळी मांडवगण फराट्याला. हुद्दा व्रणोपचारक. हा शब्द सरकारनं कुठून पैदा केला ते सरकारलाच ठाऊक. गावात तो कुणाच्या जिभेवर बसला नाही. लोक म्हणायचे पट्टीवाले. डॉक्टर यायचे, बदलून जायचे, मीटिंगला असायचे, रजेवर असायचे. पट्टीवाले मात्र जागेवर. म्हशीचं शिंग मोडलं, शेळीला कुत्रं चावलं, बैलाचा खांदा फुटला, की हाक त्यांना. माणसाच्या हाताला गुण होता. तोंडाला नव्हता. जनावराशी मऊ बोलायचे आणि मालकाला सोलून काढायचे.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते ओट्यावर बसून राहिले आणि त्यांनी ताईबाईंचं, म्हणजे बायकोचं, डोकं खाल्लं. आमटीत मीठ किती टाकलं, शेजारची गाय का खोकते, एसटी आज उशिरा का आली, सगळ्याची चौकशी. त्यामुळं 'जीवसोबत'ची माणसं त्यांना शोधत दारात आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद ताईबाईंना झाला. "घेऊन जावा ह्यांना," त्या म्हणाल्या, "सांच्याला आणून सोडलं तरी चालंल."

'जीवसोबत' म्हणजे मुक्या जनावरांसाठी झटणाऱ्या लोकांचं राज्यभर पसरलेलं जाळं. ऑफिस पुण्यात दोन खोल्यांचं, पण माणसं पार गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत. कुणी टांग्याच्या घोड्यांचं बघायचं, कुणी टोपलीतल्या नागांचं, कुणी वीटभट्टीवरच्या गाढवांचं. नुसती भूतदयेची भाषणं ठोकणारी मंडळी नव्हती ती. गावोगावचे फॉर्म गोळा करायचे, त्यांची मोजदाद करायची आणि सरकारच्या टेबलावर नेऊन ठेवायची, की बघा, इतक्या जनावरांचे हे हाल चाललेत, आता नियम करा. पुण्याच्या शिबिरात साहेबरावांना कापडी पिशवी, फोटोचं ओळखपत्र आणि फॉर्मचा गठ्ठा मिळाला. शिबिर घेणारी प्राची नावाची मुलगी म्हणाली, "काका, आजपासून तुम्ही शिरूर-दौंडमधल्या जनावरांचे वकील." वकील हा शब्द साहेबरावांच्या काळजात जाऊन बसला. परतीच्या एसटीत त्यांनी ओळखपत्र शर्टावर दिसेल असं लावून ठेवलं होतं, कंडक्टरनं विचारावं म्हणून. कंडक्टरनं काही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यातली जाळ्याची मोहीम ऊस वाहणाऱ्या बैलांच्या खांद्यांसाठी होती. गाडीवर अडीच-तीन टन ऊस लादायचा आणि दिवसाआड नव्हे, रोज ओढायचा. जू घासून घासून खांद्याचं कातडं जातं आणि खाली मांस दिसायला लागतं. असे किती बैल आहेत ते मोजायचं आणि गाडीच्या वजनाला मर्यादा मागायची. वीस जानेवारीला मुंबईत सरकारी समितीपुढं सुनावणी लागली होती.

एक जानेवारीला साहेबराव कोरेगाव भीमाला जाऊन जयस्तंभाला मानवंदना देऊन आले, आणि दोन तारखेला सायकल काढून नदीकाठच्या उसाच्या फडावर गेले. बीडकडच्या ऊसतोड्यांची टोळी तिथं उतरली होती. पाचटाच्या अकरा कोप्या, म्हणजे झोपड्या, अकरा गाड्या, बावीस बैल. इथला ऊस तोडायचा, गाडीत भरायचा आणि नदीपलीकडं दौंड तालुक्यातल्या कारखान्यावर नेऊन टाकायचा, असं त्यांचं चैत्रापर्यंत चालायचं.

ओळखपत्र बघून सगळ्यांनी तोंडं फिरवली. अधिकारी माणूस म्हटलं की जनावरवाला आधी जनावर लपवतो. शेवटच्या कोपीपुढं एक पांढरा, पाठीवर करडे ठिपके असलेला बैल मान एका अंगाला घालून उभा होता. त्याच्या खांद्यावर काळं वंगण थापलेलं. वंगणावर माशा घोंगावत होत्या.

"ह्ये काय लावलंय?" साहेबरावांनी विचारलं.

"वंगण हाय," बैलाची मालकीण, तुळजाबाई, म्हणाली. तिशी-पस्तिशीची, हातात कोयता तसाच. "चाकाचं उडालं आसंल."

"चाक खाली असतंय, बाई. खांद्यावर कसं उडालं? बैल काय गाडीखाली झोपून वंगण घालीत होता?"

तिचा नवरा हरिबा मोळ्या बांधता बांधता थांबला. साहेबरावांनी पिशवीतून चिमटा काढला, बैलाच्या कानामागं खाजवलं, "आलो हां राजा, जरा दुखंल," म्हणाले आणि वंगण पुसून काढलं. खाली तळहाताएवढी जखम, आणि जखमेत किडे. ते एक एक किडा वेचून काढत होते तोवर तुळजाबाई बैलाचं तोंड छातीशी धरून उभी होती. चिमटा टोचला की बैलाआधी तीच अंग चोरायची.

"नाव काय ह्याचं?"

"पाखऱ्या. ह्याची माय ह्याला ईतानाच गेली. शेळीच्या दुधावर वाढिवलाय मी. थंडीत कोपीत घेऊन निजायची." मग तिनं हळूच विचारलं, "बरा व्हईल का आबा?"

"मलम आणतो चांगलं. व्हईल."

झाडाखाली बसून त्यांनी फॉर्म भरला. गाडीचा नंबर, टोळी, मालकाचं नाव, सगळं झालं. शेवटचा रकाना: जखम सौम्य, मध्यम की तीव्र. साहेबरावांनी डोळे झाकून तीव्रवर खूण केली.

आता हे डोळे झाकून का, ते सांगायला हवं. दवाखान्यात 'सौम्य' लिहिलं की जिल्ह्याच्या भांडारातून बोटभर मलम यायचं, तेही महिन्यानं. 'मध्यम' लिहिलं की पत्र यायचं, साठा शिल्लक नाही. 'तीव्र' लिहिलं तर डबा यायचा. म्हणून एकतीस वर्षं साहेबरावांनी प्रत्येक कागदावर तीव्रच लिहिलं. कोंबडीच्या पायात काटा गेला तरी तीव्र. हाताला ती सवयच लागली होती. शुक्रवारी त्यांनी फॉर्म टपालपेटीत टाकला आणि पुण्याहून मलमाचा डबा येईल म्हणून वाट बघत बसले.

डबा आला नाही, मंगळवारी फोन आला. बापूसाहेबांच्या दुकानातला फोन गावाला सामाईक. दुकानातून हाक आली तसे साहेबराव चपला न घालताच गेले. प्राची बोलत होती.

"काका, फार मोठं काम केलंत. सुनावणीसाठी अशीच एक ठळक केस हवी होती. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या, अठरा तारखेला आम्ही येतोय. डॉक्टर, पोलीस, टेम्पो, सगळं ठरलंय."

"टेम्पो कशाला?"

"तीव्र आहे ना. तीव्र म्हणजे जनावर ताब्यात घ्यायचं. बैल इथं पुण्याच्या निवाऱ्यात राहील."

"परत कवा द्यायचा?"

"परत नाही द्यायचा, काका. मालकावर गुन्हा दाखल होतो."

साहेबरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "अगं पोरी, मी मलमासाठी तीव्र लिहिलं," ते म्हणाले. दुकानात साखर बांधत असलेल्या बापूसाहेबांचे हात थांबले.

प्राची वाईट नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण केस नोंदली गेली होती, समितीच्या यादीत गेली होती, आता ती एकटीच्या हातात राहिली नव्हती. "एकच होऊ शकतं," ती शेवटी म्हणाली. "आम्ही येऊ त्या दिवशी जखम सुकलेली असली, आणि बैल मधल्या काळात जुंपलेला नाही असं डॉक्टरांना वाटलं, तर केस जागेवर बंद करता येते. पण काका, ओली जखम बघून मी डोळेझाक करणार नाही. तुम्ही पण करू नका."

"न्हाई करणार," साहेबराव म्हणाले, आणि त्यांना त्या मुलीचा राग आला नाही. राग आला तो स्वतःच्या हाताचा.

लपवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तसेच सायकलवर बसून ते फडावर गेले आणि तुळजाबाईला सगळं सांगितलं, अगदी जनावरांचा वकील झाल्यापासून. ती ऐकत होती तोवर उसाची मोळी तिच्या डोक्यावरच होती. मग तिनं मोळी खाली टाकली.

"म्हंजी तुमी वकील. सोडवायला आलता का न्यायला आलता?"

"चुकलं माझं. पण दहा दिवस त्येला जुवाखाली घालू नको. जखम सुकंल, माझी जबान हाय. मग कुणी हात लावणार न्हाई."

"दहा दिस? मुकादम दहा घटका थांबू देत न्हाई."

टोळीचा मुकादम हौसराव तिथंच बिडी ओढत बसला होता. तिच्याच गावचा, नात्यानं चुलत दीर. माणूस दुष्ट नव्हता, पण फड उरकायची जबाबदारी त्याच्या डोक्यावर. "आबा," तो म्हणाला, "बैल बसला की गाडी बसली. गाडी बसली की ह्या दोघांनी इथं थांबून करायचं काय? वंगण लावा नाहीतर अत्तर लावा. सकाळी गाडी हालली पायजे."

तुळजाबाईनं पाखऱ्याचं दावं धरलं आणि त्याला कोपीमागं नेलं, साहेबरावांच्या नजरेआड. तेवढं मात्र साहेबरावांना फार लागलं. दवाखान्यातल्या एकतीस वर्षांत कुणी त्यांच्यापासून आजारी जनावर लपवलं नव्हतं.

घरी ताईबाई ताक घुसळत होत्या. साहेबराव भिंतीला टेकून बसले, जेवण नको म्हणाले. रवीवर लोण्याचा गोळा वर आला आणि त्याच्याकडं बघता बघता त्यांना पाटोदा आठवलं.

तिकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्याच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. एकदा आवतण दिलं की बैल दुसऱ्या दिवशी पाहुणा. पाहुण्याला कुणी जुंपत नाही. घरात कितीही नड असो, आवतण दिलेल्या बैलाच्या मानेवर जू ठेवायची छाती त्या मुलखात कुणाची होत नाही. त्या दिवसांत पाटोद्यातल्या घराघरांतून साहेबरावांना बोलावणं यायचं, कारण मळायच्या आधी फुटलेला खांदा धुवायला पट्टीवालेच लागायचे. खांदे यांनी धुवायचे, आवतण बैलाला. आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर कागदात गुंडाळलेली पुरणपोळी ठेवलेली असायची. पंगतीला या, असं कुणी म्हटलं नाही. का म्हटलं नाही ते साहेबरावांना ठाऊक होतं, त्या लोकांनाही ठाऊक होतं, आणि त्यावर बोलत कुणीच नव्हतं. चौथ्या वर्षी त्यांनी ती पोळी परत पाठवली. मांडवगणला आल्यावर पायरी बदलली, पण कागद तोच राहिला.

"लोणी दे वाटीभर," साहेबराव म्हणाले. "आन् हळद."

बुधवारी सांजच्याला गाड्या रिकाम्या होऊन फडावर आल्या, बायकांनी चुली पेटवल्या, तेव्हा साहेबराव वाटी घेऊन पोचले. कुणाशी न बोलता ते थेट पाखऱ्याकडं गेले. लाल औषधाच्या पाण्यानं जखम धुतली, दवाखान्यातल्या जुन्या ओळखीवर मिळवलेलं मलम लावलं. मग जखमेच्या कडेकडेनं, दोन्ही खांद्यांना, हळद-लोणी चोळायला लागले. हळूहळू, गोल गोल. पाखऱ्यानं मान खाली सोडली आणि मोठा श्वास टाकला. चुलीपुढच्या बायका बघायला लागल्या. कुणीतरी हौसरावला हाक मारली.

साहेबरावांनी बैलाच्या कानाशी तोंड नेलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाखऱ्या, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मुकादम पुढं आला. "आबा, ही काय थट्टा? आमचा पोळा श्रावणात झाला. तुमचा इकडचा भादव्यात. आता पौष चालू हाय."

"मग?"

"पौषात कुणी आवतण देतं व्हय?"

"दिलं की आता. तुमच्यासमोर दिलं." साहेबरावांनी वाटी खाली ठेवली. "एकतीस वर्षं बैलांचे खांदे धुतलेत मी, हौसराव. एकतीस पोळे झाले. एका बी पोळ्याला मला कुणी जेवायला या म्हणलं न्हाई. माझे पोळे येणं हायेत समद्यांकडं. त्यातला एक आज वसूल करतोय. आता बघा, उद्या ह्येला जुंपायचा का न्हाई ते."

हे त्यांना बोलायचं नव्हतं. लोण्याची वाटी घेऊन आलेला माणूस, पोटातलं बोलून बसला. बोलून झाल्यावर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि ते पिशवी आवरायला लागले. तुळजाबाई त्यांच्याकडं बघत होती, पण आता तिच्या डोळ्यांत कालचा राग नव्हता.

हौसरावनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "आवतण दिलेला बैल जुंपला असं गावाकडं कळलं तर माझी आई मला उंबऱ्यात उभं करायची न्हाई," तो म्हणाला. "उद्या माझा एक बैल तुळजीच्या गाडीला लावा. माझी गाडी राहू द्या उभी. एक दिसाचाच तर सवाल हाय."

एक दिसाचा. साहेबरावांनी वाटीतलं उरलेलं लोणी उद्यासाठी झाकून घेतलं.

गुरुवारी ताईबाईंनी पुरण शिजवलं, पण तोंडाचा पट्टा चालूच होता. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरात देव ठिवला न्हाई, आन् आता बैलाला आवतणं द्यायला लागलाय. वस्तीत काय सांगू मी?"

"पूजा करीत न्हाई मी. कुंकू लावलं का? आरती केली का? औषध लावतो आन् जेवू घालतो. भुकेल्याला जेवू घालायला कुठल्या प्रतिज्ञेत मना हाय, सांग बरं."

ताईबाईंनी पोळी तव्यावर टाकली. त्यांनाही ते कुठं सापडलं नाही.

"पण एक हाय," साहेबराव चाचरत म्हणाले. "आज सांच्याला उद्याचं आवतण द्यायचंय. उद्या सांच्याला परवाचं."

"कवापातुर?"

"सतरा तारखेपातुर."

"अवो, दहा दिवस पुरण घालायला तो काय जावई हाय का?"

"रोज पुरण नको. त्याचं पोट फुगंल. एक पोळी दाखवायला, बाकी भाकरी आन् गूळ." आणि मग अगदी हळू आवाजात, "माझ्या हातनं चूक झाली गं. त्या बाईचा बैल जाईल माझ्यापायी." एवढं ऐकल्यावर ताईबाईंनी पोळ्या फडक्यात बांधल्या, पायात चपला घातल्या आणि स्वतःच फडावर निघाल्या.

असं रोज चाललं. दुपारी ताईबाई जेवण घेऊन जायच्या, पाखऱ्याला हातानं भरवायच्या आणि त्याच्या मालकिणीपाशी नवऱ्याच्या कागाळ्या सांगत बसायच्या. सांजच्याला साहेबराव वाटी घेऊन हजर. धुवायचं, मलम, हळद-लोणी, आवतण. तिसऱ्या दिवशी हौसराव म्हणाला, "आबा, आता किती पोळे राहिले?" साहेबराव म्हणाले, "अठ्ठावीस. घाबरू नको, समदे ह्याच साली वसूल करीत न्हाई." तेव्हा हरिबासुद्धा हसला, आणि हरिबा हसला हे टोळीला नवीन होतं.

गाड्यांची पाळी आपोआप लागली. आज एकाची जोडी सुटायची, त्यातला एक बैल तुळजाबाईच्या गाडीला आणि दुसरा झाडाखाली रवंथ करत बसलेला. उद्या दुसऱ्याची. सुरुवातीला कुरकुर झाली, नाही असं नाही. पण सहाव्या-सातव्या दिवशी हौसरावच्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्या बैलाला एक दिवस बसायला मिळालं तो दुसऱ्या दिवशी पुलाचा चढ न थांबता काढत होता. बायका आपापल्या बैलांचे खांदे साहेबरावांपुढं आणायला लागल्या. वंगण पुसून, स्वतःहून. त्यांनी आणखी नऊ खांदे धुतले, आणि नऊ फॉर्म भरताना प्रत्येक वेळी चष्मा पुसून शेवटचा रकाना तीनदा वाचला.

अठरा तारखेला टेम्पो आला. प्राची उतरली, मागोमाग डॉक्टर आणि एक हवालदार. कोप्यांतली माणसं आपापल्या बैलांपाशी जाऊन उभी राहिली. तुळजाबाईनं पाखऱ्याच्या गळ्यात हात टाकला होता आणि ती हात काढायला तयार नव्हती, म्हणून डॉक्टरांनी तिच्या हाताच्या बाजूनंच वाकून खांदा बघितला. बोटानं दाबला. पाखऱ्यानं शेपटी हलवली, बस्स. जखमेवर कोरडी खपली धरली होती आणि कडेनं नवं, गुलाबी कातडं आलं होतं.

"सुकलीय," डॉक्टर म्हणाले. "आठ-दहा दिवस तरी जू लागलेलं नाही."

"कसं काय?" प्राचीनं विचारलं. "हंगामात बैल दहा दिवस उभा कसा ठेवला?"

"उभा कुठं," तुळजाबाई म्हणाली. "रोज जेवायला जातोय की. आवतण असतं त्येला."

मग सगळ्यांनी मिळून सांगितलं, एकमेकांचं वाक्य तोडत. प्राची टेम्पोच्या पायरीवर बसून लिहून घेत राहिली. शेवटी तिनं डोळ्यांवरचे केस मागं सारले आणि साहेबरावांकडं बघितलं. "काका, केस बंद करते. पण परवा समितीपुढं मी काय ठेवू? माझी ठळक केस तुम्ही बरी करून टाकलीत."

"हेच ठेव," साहेबराव म्हणाले. "लिही, की वजन कमी करा ते करा, पण दहा जोड्यांमागं एक बैल जादा ठेवा. रोज एकाला सुट्टी. ह्या अकरा गाड्यांनी दहा दिवस करून दाखिवलंय, मुकादमाला इचारा. बैल नेऊन काय व्हतंय? एक नेशील, बाकीचे एकवीस वंगणाखाली जातील."

हौसरावनं मान हलवली आणि म्हणाला, "अंगठा पायजे तर देतो." प्राचीनं त्याचा अंगठा घेतला. तिनं जाताना पाखऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला, आणि टेम्पो आला तसा रिकामा परत गेला. धूळ खाली बसेपर्यंत तुळजाबाई त्याच्याकडं बघत उभी होती, मग ती मटकन खाली बसली आणि पाखऱ्याच्या पायाला धरून रडली. साहेबराव दुसरीकडं बघत बाटल्या पुसत राहिले.

त्यांनी लाल औषध, चिमटा, उरलेलं मलम पिशवीत भरलं. आता उद्यापासून रोज यायचं कारण नव्हतं, आणि ते त्यांच्या जिवावर आलं होतं. लोण्याची वाटी शोधायला वळले तर वाटी तुळजाबाईच्या हातात.

"आबा, बसा जरा खाली."

"का?"

"बसा म्हणते ना."

ते दगडावर बसले. तिनं त्यांच्या उजव्या खांद्यावरचा शर्ट जरा बाजूला सारला. एकतीस वर्षं जनावरं उचलून, आडवी पाडून, धरून तो खांदा कायमचा उतरलेला. त्याच्याबद्दल ते ताईबाईंपाशीसुद्धा कधी बोलले नव्हते. तुळजाबाईनं दोन बोटांवर हळद-लोणी घेतलं आणि चोळायला लागली, त्यांनी पाखऱ्याला चोळलं होतं तसंच, हळूहळू, गोल गोल. कोप्यांपुढं सगळी टोळी उभी होती. हौसरावनं टोपी काढून हातात धरली होती.

तिनं वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आबा, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. कोपीत, आमच्या पंगतीला. ताईबाईंना घेऊन या."

मालकांना सोलून काढणाऱ्या त्या माणसानं मान खाली घातली. मग नुसतं "व्हय" म्हणाले आणि सायकल हातात धरून, न बसता, चालत घराकडं निघाले.

घरी ताईबाईंनी परातीत उद्याच्यासाठी कणीक घेतली होती. नवऱ्याच्या शर्टावरचा हळदीचा डाग त्यांनी पाहिला, खांद्याला लागलेलं लोणी पाहिलं.

"बैल राहिला का?" त्यांनी विचारलं.

"राहिला." साहेबराव चुलीपाशी बसले. "उद्या चूल पेटवू नको, ताई. आपल्याला आवतण हाय."

ताईबाईंनी कणकेवर ताट झाकलं, हात धुतले, आणि ट्रंकेतलं ठेवणीतलं पातळ काढून उद्यासाठी दोरीवर वाऱ्याला घालायला गेल्या.